बहात्तर तासांची गोळी : भीती कशाची बाळगायची?

(रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या स्मृतिदिनी, १४ ऑक्टोबरला, शहादा तालुक्यातल्या म्हसावद येथे दिलेल्या स्मृती-व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते कर्वे १९५३ साली आजच्याच तारखेला गेले. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला होता. म्हणजे या बाबतीत आपला मराठी माणूस जगाच्या मागे नव्हता, बरोबरीने चालत होता. त्याची किंमत त्यांनी मोजली. प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ साली सुरू केलेलं 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी पदरमोड करून मरेपर्यंत चालवलं. त्या मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेतलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला गेला आणि कर्व्यांना दंडही झाला. पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला, तेव्हा त्यांचं भाषण त्यांच्या पक्षाचे सदस्य रोहम यांनी वाचून दाखवलं. ठराव नामंजूर झाला.

कर्व्यांच्या फोटोला हार घालून आपण घरी गेलो, तर तो त्यांचा मान होणार नाही. लोक ज्या गोष्टीबद्दल कुजबुजतात, तिच्याबद्दल मोठ्याने आणि नेमकं बोलायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम होतं. म्हणून आज मी अशाच एका कुजबुजीच्या विषयावर बोलणार आहे. मेडिकलवाल्याकडे जिचं नाव कागदावर लिहून दाखवतात आणि जी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली जाते, ती गोळी. कुणी तिला आयपिल म्हणतं, कुणी बहात्तर तासांची गोळी म्हणतं. सरकारी नाव आहे तातडीची गर्भनिरोधक गोळी.

माझ्या ओपीडीत या गोळीबद्दल एकच प्रश्न शंभर तऱ्हांनी येतो. "मॅडम, ती घेतली तर पिशवी खराब होते ना? पुढे मूल राहत नाही ना?" विचारणारी कधी नवी नवरी असते, कधी तीन लेकरांची आई, कधी होस्टेलवर राहणारी मुलगी. गोळी नुकसान करेल ही भीती सगळ्यांच्या मनात पक्की असते. उशीर नुकसान करेल ही भीती मात्र क्वचितच कुणाच्या मनात असते. आज मला एवढंच सांगायचं आहे, की आपण भीती चुकीच्या जागी ठेवली आहे.

गोळीत असतं काय?

खोकं हातात घेऊन बघा. तळहाताएवढं असतं. उघडलं की आत चकचकीत पन्नी आणि तिच्या मधोमध एकच छोटी गोळी. सोबत घडी घातलेला कागद, त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी. वाचता येणाऱ्यालाही तो कागद वाचवत नाही. त्यात लिहिलेलं मी मराठीत सांगते.

गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं औषध असतं, दीड मिलिग्रॅम. नाव परकं वाटतं, पण औषध तुमच्या ओळखीचं आहे. आशाताई ज्या माला-एनच्या गोळ्या वाटतात, त्यातल्या प्रत्येक हार्मोनच्या गोळीत हेच औषध असतं, शून्य पूर्णांक पंधरा मिलिग्रॅम. म्हणजे तातडीच्या एका गोळीत माला-एनच्या दहा गोळ्यांइतकं हे औषध आहे. शिवाय माला-एनमध्ये इस्ट्रोजेन नावाचं दुसरं हार्मोनही असतं, ते या गोळीत नाही. "फार हाय डोस आहे हो," असं ज्या बाया म्हणतात, त्यांच्या सासवा आणि जावा हेच औषध वर्षानुवर्षं रोज घेत आल्या आहेत. इथे ते एकदा घ्यायचं, आणि काही दिवसांत ते शरीराबाहेर जातं.

आता गोळी काम कशी करते ते समजून घेऊ, कारण सगळा गैरसमज इथूनच सुरू होतो. संबंध आला म्हणजे त्याच क्षणी गर्भ राहिला, असं नसतं. पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहून वाट बघू शकतं. बाईचं बीज बाहेर पडलं की ते जेमतेम एक दिवस टिकतं. दोघांची गाठ पडली तर गर्भ. ही गोळी बाईचं बीज बाहेर पडणं काही दिवस लांबवते, तेवढ्यात पुरुषबीज मरून जातं. शहाद्याच्या स्टँडवर एसटी उभी आहे तोवर कंडक्टर ती थांबवू शकतो. एकदा ती फाट्यावरून वळली की मागून कितीही शिट्टी वाजवा, उपयोग नाही. गोळीचं तसंच आहे. बीज सुटण्याआधी ती काम करते, सुटल्यावर करत नाही. चिलीमधल्या संशोधकांनी बायकांच्या रक्ताच्या आणि सोनोग्राफीच्या तपासण्या करून हेच पाहिलं. बीज सुटण्याआधी ज्यांनी गोळी घेतली त्यांना दिवस गेले नाहीत. बीज सुटल्यानंतर ज्यांनी घेतली त्यांच्यात, गोळी न घेता जेवढ्या राहिल्या असत्या, जवळपास तेवढ्याच गर्भधारणा राहिल्या.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, ही गोळी गर्भपात करत नाही. राहिलेला गर्भ ती पाडू शकत नाही. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही तिथल्या खोक्यावरचा मजकूर बदलून हे स्पष्ट लिहायला लावलं. आणि नकळत पोट राहिलेलं असताना कुणी ती घेतली, तरी बाळाला व्यंग येतं असा पुरावा नाही. दुसरी गोष्ट, जितकी लवकर घ्याल तितका बीज सुटण्याआधी गाठण्याचा संभव जास्त. घड्याळ इथे फार महत्त्वाचं आहे.

१९९८ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांतल्या जवळपास दोन हजार स्त्रियांवर केलेल्या अभ्यासाचे आकडे प्रसिद्ध झाले. गोळी न घेता ज्या गर्भधारणा राहिल्या असत्या, त्यांतल्या किती टळल्या? पहिल्या चोवीस तासांत घेतली तर ९५ टक्के. दुसऱ्या दिवशी ८५ टक्के. तिसऱ्या दिवशी ५८ टक्के. पुढच्या अभ्यासांत आकडे थोडे कमी-जास्त झाले, पण कल तोच राहिला. खोक्यावर "बहात्तर तास" लिहिलेलं असतं म्हणून "अजून परवापर्यंत वेळ आहे" असं समजू नका. आठवली त्या घटकेला घ्या. तीन दिवस उलटून गेले असतील तर गोळीवर भिस्त ठेवू नका, तडक दवाखाना गाठा. तिथे अजून एक उपाय हातात असतो, त्याच्याकडे मी येते.

त्रास होतो तो कोणता?

त्रास मुळीच होत नाही असं मी म्हणणार नाही. होतो. १९९८ च्या त्याच अभ्यासात चारातल्या जवळपास एकीला मळमळलं, आणि शंभरात सहा जणींना उलटी झाली. त्याआधी जी पद्धत होती, कॅनडातल्या डॉ. युझ्पे यांची, तिच्यात इस्ट्रोजेनही असायचं, आणि त्या गोळ्यांनी निम्म्या बायकांना मळमळायचं. म्हणजे आजची गोळी आधीच्या उपायापेक्षा पुष्कळ सौम्य आहे. मळमळ, डोकं दुखणं, गरगरणं, थकवा, छाती जड होणं, ओटीपोटात दुखणं, हे सगळं एक-दोन दिवसांत आपोआप जातं. गोळी घेतल्यापासून दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली, तर ती गोळी वाया गेली असं समजून दुसरी घ्यायची.

पाळी पुढे-मागे होते. कुणाला चार दिवस आधी येते, कुणाला आठवडाभर उशिरा, कुणाला मधेच थोडं अंगावरून जातं. हे घाबरण्यासारखं नाही. गोळीने बीज सुटणं पुढे ढकललं, की पाळीही लांबू शकते. पण नेहमीच्या तारखेपेक्षा आठवड्याहून जास्त उशीर झाला, तर आशाताईकडून 'निश्चय'चं किट घ्या आणि सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करा. पोटाच्या एका बाजूला जोराची कळ आली, चक्कर आली, घाम फुटला, तर मात्र घरी थांबू नका. गर्भ नळीत राहण्याचा धोका ही गोळी वाढवत नाही. पण कोणतीही गर्भधारणा नळीत राहू शकते, आणि तशी राहिली तर जीव जाऊ शकतो.

पिशवी खराब होते का? नाही. पुढे मूल राहत नाही का? राहतं, आणि पुढच्याच महिन्यात राहू शकतं. म्हणून तर सांगते, गोळी घेतल्यानंतर त्याच पाळीच्या चक्रात पुन्हा संबंध आला, तर ही गोळी तुमचं रक्षण करत नाही. ती झालेल्या गोष्टीपुरती असते. पुढच्यासाठी निरोध वापरा.

आपल्या भागाचे म्हणून काही प्रश्न आहेत, ते मुंबईच्या डॉक्टरांना कुणी विचारत नाही. पहिला सिकलसेलचा. आपल्या पट्ट्यात अनेक घरांत हा आजार आहे, आणि सिकलसेलचं कार्ड पर्समध्ये ठेवणाऱ्या मुली मला विचारतात, "मला चालेल का?" चालेल. सिकलसेलमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते, आणि ती भीती इस्ट्रोजेनने वाढते. तातडीच्या गोळीत इस्ट्रोजेन नाही. माला-एनमध्ये ते आहे, म्हणून रोजची गोळी सुरू करायची असेल तर सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारूनच करावी. दुसरा प्रश्न टीबीचा. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं, लघवी लाल करणारं. ते लेव्होनॉरजेस्ट्रेलचा असर कमी करतं. फिट येण्यावरची काही औषधं, फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन, तीही तेच करतात. अशा बाईने एका गोळीवर विसंबू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन गोळ्या एकदम घ्याव्यात, नाहीतर तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवून घ्यावी. अंगावर पाजणाऱ्या आईला गोळी चालते. वजन फार जास्त असेल तर असर कमी होऊ शकतो, तिथेही तांबीच चांगली.

आता तांबी. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवली, तर तातडीच्या उपायांमध्ये तिच्याइतका खात्रीचा उपाय नाही. कोणत्याही गोळीपेक्षा ती जास्त भरवशाची आहे, आणि पुढची कित्येक वर्षं वेगळं काही करावं लागत नाही. ग्रामीण रुग्णालयात ती फुकट बसवतात. चौथ्या-पाचव्या दिवशी पोचलेल्या बाईला "आता काही होत नाही" म्हणून परत पाठवणं हे अज्ञान आहे. ते आपण सिस्टरांनी आणि डॉक्टरांनी सोडलं पाहिजे.

दोन गोळ्यांची गल्लत

आता ज्या गल्लतीमुळे खरोखर जीव धोक्यात येतात, तिच्याबद्दल. दुकानात दोन वेगळी औषधं मिळतात आणि बोलताना लोक दोन्हीला "गोळी" म्हणतात. एक ही बहात्तर तासांची, एकच गोळी. दुसरं पाच गोळ्यांचं किट, राहिलेला गर्भ काढून टाकण्यासाठी. त्यात मिफेप्रिस्टोनची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या असतात. पहिली विकत घ्यायला चिठ्ठी लागत नाही, २००५ सालापासून तशी परवानगी आहे. दुसरं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणि देखरेखीशिवाय घ्यायचंच नसतं.

एक बाई माझ्याकडे आली होती, डोंगराच्या पायथ्याच्या गावातली. नवरा मेडिकलवर गेला आणि म्हणाला, "पोट राहू नये म्हणून गोळी द्या." दुकानात काय ऐकलं गेलं कोण जाणे, हातात पाच गोळ्यांचं किट आलं. तिची पाळीसुद्धा चुकलेली नव्हती. घरात कुणी काही बोललं नाही आणि बाईने सगळ्या गोळ्या खाल्ल्या. ती आली तेव्हा डोळ्यांच्या खालच्या पापणीचा रंग कागदासारखा पांढरा होता. नखं पांढरी, लुगड्याचा पदर दातात धरलेला, तोंडातून शब्द नाही. हिमोग्लोबिन आधीच सातच्या खाली होतं, त्यात रक्तस्राव. रक्त चढवलं, बाई वाचली. जाताना तिने मला विचारलं, "ती गोळी एवढी वाईट असते का?" तिने बहात्तर तासांची गोळी घेतलीच नव्हती, आणि बदनाम मात्र तीच झाली.

या गल्लतीचा उलटा परिणामही महाराष्ट्राने पाहिला. २०१२ साली बीड जिल्ह्यातलं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघडकीला आल्यावर औषध दुकानांवर धाडी पडल्या. त्या धाडी गर्भपाताच्या किटसाठी होत्या. मुली जगाव्यात ही त्यामागची तळमळ खरी होती, तिच्यावर माझा आक्षेप नाही. पण लिंगनिदान होतं सोनोग्राफीने, आणि तेही गर्भ काही महिन्यांचा झाल्यावर. संबंधानंतर पहिल्या तीन दिवसांत घेतलेल्या गोळीचा त्याच्याशी दूरचाही संबंध नाही. तरी भीती पसरली ती सगळ्याच गोळ्यांभोवती. "आम्ही तसल्या गोळ्या ठेवत नाही" असं सांगणारे दुकानदार मी आजही पाहते. मेडिकलवाल्या भावांनो, तुम्ही इथे असाल तर हात जोडून सांगते. बहात्तर तासांची गोळी ठेवणं कायदेशीर आहे. किट आणि ही गोळी वेगवेगळी आहेत, हे गिऱ्हाइकाला दोन वाक्यांत सांगा. तुमची ती दोन वाक्यं माझ्या ओपीडीतल्या दोन बाटल्या रक्त वाचवतात.

ज्यांना दिवस गेलेच आहेत आणि मूल नको आहे, त्यांनाही लपूनछपून काही करायची गरज नाही. १९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये सुधारला गेला. गर्भनिरोधक साधन फसलं हे कारण आता पती-पत्नींपुरतं मर्यादित नाही, "स्त्री किंवा तिचा जोडीदार" असे शब्द कायद्यात आहेत. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. बाईचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही तोच हक्क आहे हे निकालात स्पष्ट केलं.

जबरदस्ती झाली असेल तर

हे बोलायला जड जातं, पण बोललंच पाहिजे. एखाद्या मुलीवर, बाईवर अत्याचार झाला, की गावात आधी पंच बसतात, मग समजुती घातल्या जातात, मग पोलीस ठाणं, आणि सगळ्यात शेवटी दवाखाना. त्यात तीन दिवस सहज निघून जातात. क्रम उलटा करा. आधी दवाखाना. सरकारी असो की खासगी, कोणत्याही रुग्णालयाने अशा स्त्रीवर फुकट आणि तातडीने उपचार करायचे असा कायदा आहे. पोलिसांचा कागद आणा मग बघतो, असं म्हणायचा अधिकार डॉक्टरला नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत तातडीची गर्भनिरोधक गोळी देणं हा उपचाराचा भाग आहे, लैंगिक आजारांवरच्या औषधांबरोबर आणि मानसिक आधाराबरोबर. तक्रार करायची की नाही, पुरावा घ्यायचा की नाही, हे नंतर ठरतं. अठरा वर्षांखालची मुलगी असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे कळवावं लागतं, पण त्यासाठीही उपचार थांबत नाहीत. आश्रमशाळेच्या अधीक्षिकांनी, होस्टेलच्या मावशींनी हे पाठ करून ठेवावं.

रोजचा उपाय करू नका

इतकं सगळं गोळीच्या बाजूने बोलले, आता दुसरी बाजू. ही गोळी तातडीची आहे. निरोध फाटला, माला-एनच्या तीन-चार गोळ्या विसरल्या, नवरा अचानक परगावाहून आला, किंवा बाईची इच्छा नसताना झालं, त्या वेळेसाठी. माझ्याकडे काही तरुण मुली येतात ज्यांनी महिन्यात तीन-चार वेळा ती घेतलेली असते. पाळीचं वेळापत्रक विस्कटलेलं, मधेच अंगावरून जातंय, मनात धास्ती. वारंवार घेतल्याने पिशवीला इजा होते असं नाही. पण पाळी इतकी बिघडते की दिवस गेलेत की नाही हेच कळेनासं होतं. आणि रोजच्या गोळ्या, 'छाया' गोळी, 'अंतरा'चं इंजेक्शन किंवा तांबी यांच्यापुढे वारंवार घेतलेली ही गोळी फार कमी पडते. शिवाय ती गुप्तरोगापासून किंवा एचआयव्हीपासून वाचवत नाही.

आणि भावांनो, हे तुमच्यासाठी. "मला निरोध नको, तू गोळी घे," हे वाक्य मी बायकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते ऐकून मला राग येतो. मळमळ तिने सोसायची, पाळी तिची बिघडायची, भीती तिने गिळायची. महाराष्ट्रात आजही लग्न झालेल्या जवळपास निम्म्या बायकांची नसबंदीची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुषांची नसबंदी मोजायला बसलात तर हाताची बोटं पुरतील, इतकी कमी. निरोधाचं पाकीट खिशात ठेवायला लाज वाटत असेल, तर बायकोच्या जिवाची लाज आधी वाटू द्या.

ऊसतोडीच्या गाड्या लागण्याआधी

आता या गावातल्या, या महिन्यातल्या कामाविषयी. दिवाळी झाली की मुकादम उचल वाटतील आणि शहादा, धडगाव, अक्कलकुवा भागातली हजारो जोडपी गुजरातकडे निघतील, बारडोली-सुरतेच्या उसाच्या फडांवर. होळीला परत येतील. मधले चार-पाच महिने पडावावर, म्हणजे तोडणीच्या तळावर, जातात. तिथे आशाताई तुमच्या ओळखीची नसते, भाषा वेगळी, दवाखाना कुठे ते ठाऊक नाही, आणि पहाटे अंधारात कोयता हातात घ्यायचा म्हणजे दवाखान्यासाठी खाडा परवडत नाही. अशा बाईला बहात्तर तास म्हणजे किती? तिला सुट्टीचा एक दिवसही मिळत नाही.

म्हणून गोळी तिच्या हातात आधीच असली पाहिजे. २०११ साली केंद्र सरकारने आशांकडून घरपोच गर्भनिरोधकं द्यायची योजना सुरू केली, तेव्हा तातडीच्या एका गोळीची किंमत दोन रुपये ठरली. दुकानात तीच शंभर रुपयांच्या आसपास पडते. 'ईझी पिल' नावाची ती सरकारी गोळी आशाताईच्या पिशवीत असायला हवी. पण ती पिशवीत राहून उपयोग नाही. "गरज लागली की माग" असं म्हणणं म्हणजे बाईला उशीर करायला सांगणं. रात्री गरज लागली तर ती सकाळी तुमच्या दारात येईल का? सासू विचारेल कुठे चाललीस, तर काय सांगेल? काहींना वाटतं, गोळी आधी दिली तर मुली बेफिकीर होतील. हा प्रश्न अनेक देशांत तपासून झाला आहे. आधी गोळी दिलेल्या स्त्रिया बेजबाबदार वागल्या नाहीत. नेहमीचं साधन त्यांनी सोडलं नाही. फरक पडला तो असा, की गरज लागली तेव्हा त्यांनी गोळी लवकर घेतली. आपल्याला नेमका तोच फरक हवा आहे.

आशाताईंनो, पुढच्या पंधरा दिवसांत तुमच्या पाड्यातल्या जाणाऱ्या कुटुंबांची यादी करा, जशी लसीकरणाची करता तशी. जिला लांबचा उपाय हवा तिला जाण्याआधी तांबी बसवून द्या. जिला 'अंतरा'चं इंजेक्शन हवं तिला ते आत्ता मिळवून द्या, तीन महिन्यांनी पुढचं सरकारी दवाखान्यात मिळतं हे सांगा आणि कार्ड तिच्या हातात द्या. आणि प्रत्येकीला निरोधाबरोबर तातडीच्या दोन गोळ्या द्या, एक वापरायला आणि एक उलटी झाली तर. देताना नवऱ्यालाही समोर बसवा. भिली, पावरी, अहिराणी, ज्या भाषेत घर बोलतं त्या भाषेत सांगा. चारच गोष्टी सांगा. आठवली की लगेच घे. उलटी झाली तर दुसरी घे. आठवड्याहून जास्त पाळी लांबली तर तपास. आणि ही गर्भ पाडायची गोळी नाही. डोंगरात वरच्या गावांना, नर्मदाकाठी जिथे बोटीतून दवाखाना जातो तिथेही, हेच करा. रस्ता जितका लांब, तितकी गोळी आधी पोचली पाहिजे.

हा घराघरातला खासगी मामला आहे, त्यात चारचौघांत बोलू नये, असं कुणी म्हणेल. त्यांना मी या तालुक्याच्या इतिहासाची आठवण करून देते. आदिवासींचे नेते अंबरसिंग महाराज यांच्या काळात, १९७२-७३ च्या सुमारास, शहादा तालुक्यातल्या आदिवासी बाया श्रमिक संघटनेच्या झेंड्याखाली जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उभ्या राहिल्या. मग त्यांनी दारूचा प्रश्न काढला, आणि दारूच्या मागे लपलेली घरातली मारहाण काढली. त्याही वेळी लोक म्हणालेच, हा घरचा मामला आहे. बायांनी गावोगाव दारूच्या भट्ट्या फोडल्या आणि घरचा मामला चावडीवर आणून ठेवला. महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या चळवळीने त्यांच्याकडून धडा घेतला. त्या बायांच्या नातींना आज दोन रुपयांच्या गोळीबद्दल तोंडाला पदर लावून विचारावं लागतंय, हे आपल्याला शोभत नाही.

गोळीचा त्रास दोन दिवसांचा आहे, उशिराचा त्रास वर्षांचा, आणि कधी जिवाचा. उशीर बाई एकटी करत नाही. तो मेडिकलवाला करतो "ठेवत नाही" म्हणून, डॉक्टर करतात "कागद आणा" म्हणून, नवरा करतो गप्प बसून, आणि आपण सगळे करतो कुजबुजून. यातला आपापला वाटा ज्याने त्याने आजपासून काढून टाकायचा आहे. पहिली गाडी निघण्याआधी या गावातल्या आणि आसपासच्या पाड्यांतल्या, जिला हवी त्या प्रत्येक बाईच्या हातात गोळी आणि तिच्याबद्दलची खरी माहिती असेल, एवढं आपण केलं, तर कर्व्यांचा स्मृतिदिन आपण खऱ्या अर्थाने पाळला असं मी म्हणेन.

आता प्रश्न विचारा, मोठ्याने विचारा.